उबेची किंमत कोण ठरवतो? ब्रिटनमधील थंडी, वीज-गॅसची बिले आणि आपण

सप्टेंबरमध्ये ब्रिटनला शिकायला गेलेल्या मुलाचा किंवा मुलीचा डिसेंबरमध्ये घरी फोन येतो, तेव्हा बोलणे हमखास थंडीवर येते. "खोलीत हीटर आहे, पण लावायची भीती वाटते," हे वाक्य अनेक पालकांनी ऐकले असेल. भीती थंडीची नसते, बिलाची असते.

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत जातात आणि त्यातले बरेच ब्रिटन निवडतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता अनेक वर्षे वर्षाला ९,९०० पौंड राहिला. भाडे, जेवण, प्रवास आणि पुस्तके यांतून जे उरते, त्यातून ऊबही विकत घ्यावी लागते.

ही ऊब महाग का आहे? तिचा दर कोण ठरवतो? ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेच्या दरावर सरकारी मर्यादा आहे, तरीही गरीब माणूस थंड खोलीत का बसतो? हे प्रश्न तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामाचे आहेतच. महावितरणचे बिल भरणाऱ्या प्रत्येकाच्याही ते कामाचे आहेत, कारण तिथल्या आणि इथल्या बिलाची घडण बरीच सारखी आहे.

घर तापते कसे?

ब्रिटनमधील बहुतेक घरे गॅसवर तापतात. स्वयंपाकघरात किंवा कपाटात एक बॉयलर असतो. तो नळाने आलेल्या गॅसवर पाणी तापवतो आणि ते पाणी प्रत्येक खोलीतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरते. दिवे, फ्रिज, धुलाईयंत्र विजेवर चालतात. म्हणून बहुतेक घरांत दोन मीटर असतात, एक गॅसचा आणि एक विजेचा. बिलात दोन्ही युनिटमध्येच मोजतात. आपल्याकडच्या विजेचे एक युनिट आणि तिथले एक युनिट सारखेच.

ऑफजेम ही इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील गॅस-वीज बाजाराची नियामक संस्था आहे. (उत्तर आयर्लंडचा नियामक वेगळा आहे.) ऑफजेमच्या २०२४ मधील हिशेबात सर्वसाधारण घर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरत असे. म्हणजे विजेच्या चौपटीहून जास्त गॅस, आणि त्यातला बहुतेक घर आणि पाणी तापवण्यासाठी. खर्च कुठे होतो ते या दोन आकड्यांतच दिसते.

घर कसे बांधले आहे यावरही खूप काही ठरते. तिथली लाखो घरे शंभर वर्षांहून जुनी आहेत. भिंती उघड्या विटांच्या, खिडक्या एकेरी काचेच्या, छताला अस्तर नाही, अशा घरात तापवलेली हवा बाहेर जात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे सुचवले आहे. चांगल्या घरात हे १८ अंश थोड्या गॅसमध्ये टिकतात. गळक्या घरात दुप्पट पैसे घालूनही टिकत नाहीत, आणि स्वस्त भाड्याची घरे बहुधा गळकीच असतात.

बाजार खुला झाला, मग मर्यादा का आली?

एकेकाळी तिथे गॅस आणि वीज सरकारी होती. मार्गारेट थॅचर यांच्या काळात १९८६ मध्ये गॅस कंपनी विकली गेली. १९९० पासून वीज कंपन्यांची विक्री सुरू झाली. १९९० च्या दशकाअखेरीस घरगुती ग्राहकाला कोणत्याही कंपनीकडून गॅस आणि वीज घेण्याची मुभा मिळाली. २००२ मध्ये घरगुती विक्रीदरावरचे उरलेसुरले नियंत्रणही उठले. सिद्धांत असा होता की ग्राहक स्वस्त कंपनी शोधेल, कंपन्यांत स्पर्धा होईल आणि दर उतरतील.

काही ग्राहकांनी तसे केलेही. ज्यांच्याकडे वेळ, इंटरनेट, बँक खाते आणि हिशेबाची सवय होती ते दरवर्षी कंपनी बदलत राहिले. पण वृद्ध, आजारी, भाडेकरू, इंग्रजी नीट न येणारे स्थलांतरित आणि कर्जात असलेले लोक जिथे होते तिथेच राहिले. कंपन्या नव्या ग्राहकाला स्वस्त दर देत आणि जुन्या ग्राहकाकडून ते वसूल करत. तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०१६ मध्ये चौकशी संपवली तेव्हा निघालेला आकडा असा होता: घरगुती ग्राहक वर्षाला सरासरी १.४ अब्ज पौंड जास्त भरत होते.

म्हणजे बाजार सर्वांसाठी खुला होता, पण त्याचा फायदा घेण्याची ताकद सर्वांकडे नव्हती. संधी कागदावर समान असली तरी प्रत्यक्षात ती कोणाच्या हाती पडते हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

यातून २०१७ मध्ये आधी प्रीपेमेंट मीटरवाल्यांसाठी आणि नंतर २०१८ च्या कायद्याने सर्वांसाठी दरमर्यादा आली. १ जानेवारी २०१९ पासून ती लागू आहे.

दरमर्यादा म्हणजे बिलाची मर्यादा नव्हे

इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. बातम्यांत येते: "दरमर्यादा १,७१७ पौंड." ऐकणाऱ्याला वाटते, वर्षाला यापेक्षा जास्त बिल येणारच नाही. हे खरे नाही.

ऑफजेम दोन गोष्टींवर मर्यादा घालते: एका युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार. बातमीतला आकडा हा वर सांगितलेल्या "सर्वसाधारण" घराचा अंदाज असतो. जास्त वापरले तर बिल जास्तच येते.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीचे उदाहरण घेऊ. बँकेतून थेट पैसे भरणाऱ्या ग्राहकासाठी कर धरून सरासरी दर असे होते:

वीज: एका युनिटला २४.५० पेन्स, स्थिर आकार दिवसाला ६०.९९ पेन्स.
गॅस: एका युनिटला ६.२४ पेन्स, स्थिर आकार दिवसाला ३१.६६ पेन्स.

आता हिशेब करून पाहा. २,७०० युनिट विजेचे सुमारे ६६२ पौंड. ११,५०० युनिट गॅसचे सुमारे ७१८ पौंड. दोन्ही स्थिर आकार मिळून दिवसाला ९२.६५ पेन्स, म्हणजे वर्षाला सुमारे ३३८ पौंड. बेरीज साधारण १,७१७ पौंड. एका पौंडाला शंभर रुपये धरले तरी ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते.

या मर्यादेबद्दल आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ती फक्त कंपनीच्या नेहमीच्या, बदलत्या दराच्या योजनेला लागू होते. ग्राहकाने वर्षभरासाठी ठरावीक दराचा करार केला तर तो तिच्या बाहेर राहतो. आणि ती दर तीन महिन्यांनी बदलते, कारण तिच्यात घाऊक बाजारातील गॅस-विजेची किंमत, तारा आणि नळांचा खर्च, सरकारी योजनांचा आकार, कंपनीचा कारभार आणि माफक नफा हे सारे मोजलेले असते. घाऊक भाव चढला की मर्यादाही चढते. कंपनीला वाजवीपेक्षा जास्त नफा घेता येऊ नये हे तिचे काम आहे. गॅसच महाग झाला तर ती काही करू शकत नाही.

२०२१ ते २०२३: नियम वाकला, पण तुटला का?

याची कठोर परीक्षा २०२१ मध्ये सुरू झाली. कोरोनानंतर जगभर मागणी वाढली, युरोपातील गॅसचे साठे कमी होते आणि घाऊक भाव भडकले. अनेक लहान कंपन्यांनी पुढच्या महिन्यांसाठी गॅस आधीच खरेदी करून ठेवला नव्हता. त्या रोजच्या बाजारातून महाग घेत आणि दरमर्यादेमुळे स्वस्त विकत. जवळजवळ तीस कंपन्या बुडाल्या.

त्यांच्या ग्राहकांची वीज गेली नाही. ऑफजेमने त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले. पण सोपवण्याचा खर्च कोणी दिला? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये तो सुमारे २.७ अब्ज पौंड धरला, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे साधारण ९४ पौंड. तो सर्वांच्या बिलातून वसूल झाला. कंपनी काढताना मालकाकडे किती भांडवल आहे याची नीट तपासणी न केल्याची किंमत ज्याचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता त्यानेही मोजली. नियमन ढिले असले की तोटा असा सर्वांमध्ये वाटला जातो.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड असलेली मर्यादा एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ झाली आणि ऑक्टोबरसाठी ३,५४९ जाहीर झाली. एका वर्षात जवळजवळ तिप्पट. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. १ ऑक्टोबर २०२२ पासून सर्वसाधारण घराचा खर्च २,५०० पौंडांच्या पातळीवर राहील असे दर सरकारने ठरवले आणि फरक तिजोरीतून भरला. शिवाय त्या हिवाळ्यात प्रत्येक घराला सहा हप्त्यांत ४०० पौंड मिळाले.

तेव्हाही तोच गोंधळ झाला. २,५०० पौंडांहून जास्त कोणालाच भरावे लागणार नाही, असे तत्कालीन पंतप्रधान लिझ ट्रस यांनीही मुलाखतींत सांगितले आणि नंतर त्यावर टीका झाली. पंतप्रधानच गोंधळले असतील तर सामान्य ग्राहकाला दोष कसा द्यायचा?

या साऱ्या काळात दरमर्यादेचा उपयोग झाला की नुकसान? टीकाकार म्हणतात, तिच्यामुळे कंपन्या बुडाल्या आणि स्पर्धा थंडावली. समर्थक म्हणतात, ती नसती तर दरवाढ एका रात्रीत अंगावर आली असती आणि संकटाच्या आड नफेखोरी झाली असती. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण कंपन्या बुडाल्या त्या मुख्यतः कमी भांडवलावर जुगार खेळल्यामुळे, आणि तो खेळू दिल्याबद्दल नियामकही जबाबदार आहे.

स्थिर आकार: न वापरता भरायचे पैसे

आता गरिबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. वरच्या हिशेबातले ३३८ पौंड पुन्हा पाहा. ही रक्कम एकही युनिट न वापरता भरावी लागते.

सर्वसाधारण घराच्या १,७१७ पौंडांत ती साधारण २० टक्के होते. आता एकटी राहणारी निवृत्त बाई घ्या. ती काटकसरीने निम्मीच वीज आणि निम्माच गॅस वापरते. तिचा वापराचा खर्च सुमारे ६९० पौंड, पण स्थिर आकार तोच ३३८. एकूण १,०२८ पौंड. तिच्या बिलात स्थिर आकार ३३ टक्के झाला. वापर निम्म्यावर आणला, पण बिल निम्मे झाले नाही. जो जास्त काटकसर करतो त्याला प्रत्येक युनिट जास्त महाग पडते.

विजेचा सरासरी स्थिर आकार एप्रिल २०२२ मध्ये दिवसाला सुमारे २५ पेन्सवरून ४५ पेन्सवर गेला. तारा आणि खांबांच्या खर्चाचा मोठा भाग युनिटच्या दरातून काढून स्थिर आकारात टाकला गेला आणि बुडालेल्या कंपन्यांचा खर्चही त्यातच आला. हा निर्णय संसदेतल्या गाजलेल्या भाषणातून झाला नाही. तो नियामकाच्या तांत्रिक आदेशातून झाला. असे कागद कोणी वाचत नाही, म्हणून त्यावर मोर्चाही निघत नाही.

मग स्थिर आकार रद्दच करावा का? तिथल्या अनेक कार्यकर्त्यांची ही मागणी आहे. पण थोडे थांबून विचार करू. तो पैसा युनिटच्या दरात घातला तर कमी वापरणाऱ्याचे बिल उतरेल, जास्त वापरणाऱ्याचे चढेल. जास्त वापरणारे सारेच श्रीमंत नसतात. घरी प्राणवायूचे यंत्र चालवणारा रुग्ण, दिवसभर घरात असलेली अपंग व्यक्ती, गळक्या घरातले मोठे कुटुंब आणि गॅसची जोडणी नसल्याने विजेवर घर तापवणारा भाडेकरू यांचाही वापर जास्त असतो. विजेचे युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग आहे हे लक्षात घ्या. म्हणून ऑफजेमने कमी स्थिर आकाराची योजना पर्याय म्हणून देण्याचा मार्ग पुढे आणला आहे. पर्याय म्हटला की पुन्हा तोच प्रश्न येतो: तो निवडायला माहिती आणि वेळ कोणाकडे आहे?

आधी पैसे, मग ऊब: प्रीपेमेंट मीटर

ब्रिटनमध्ये चाळीस लाखांहून जास्त घरांत प्रीपेमेंट मीटर आहेत. मोबाइलच्या रिचार्जसारखे दुकानात जाऊन चावी किंवा कार्ड भरायचे, मग मीटर चालतो. पैसे संपले की थोडी तातडीची उसनवारी मिळते आणि तीही संपली की गॅस बंद.

या व्यवस्थेत कंपनी कोणाची वीज तोडत नाही. माणूस स्वतःच "तुटतो". म्हणून ते तोडलेल्या जोडण्यांच्या आकड्यांत येत नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ३२ लाख लोकांकडे मीटरमधले पैसे संपले. शिवाय मीटर बंद असतानाही स्थिर आकार साचत राहतो. महिनाभर गॅस वापरला नाही तरी पुढच्या वेळी भरलेल्या पैशांतून आधी तो कापला जातो. वरच्या दराने महिन्याला दोन्ही मीटरचे मिळून सुमारे २८ पौंड. दहा पौंड भरून घर तापवायला गेलेल्या माणसाच्या हाती त्यातले किती लागतात हे यावरून समजावे.

थकबाकी झाली की कंपन्या न्यायालयातून वॉरंट काढून घरात शिरत आणि हा मीटर बसवत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका वृत्तपत्राने आजारी आणि लहान मुले असलेल्या घरांतही हे होत असल्याचे उघड केले. देशभर संताप उसळला आणि सक्तीची बसवणी थांबवण्यात आली. नोव्हेंबर २०२३ पासून नियम बदलले. आता कंपनीला आधी किमान दहा वेळा ग्राहकाशी संपर्काचा प्रयत्न करावा लागतो, घरी जाऊन परिस्थिती पाहावी लागते आणि दोन वर्षांखालील मूल असलेल्या घरात किंवा सोबतीला कोणी नसलेल्या ७५ वर्षांवरील व्यक्तीकडे सक्तीने मीटर बसवता येत नाही.

आणखी एक अन्याय वर्षानुवर्षे चालला. आधी पैसे भरणाऱ्या या ग्राहकांकडून जास्त दर घेतला जाई. उधारीवर घेणाऱ्याला स्वस्त आणि रोख देणाऱ्याला महाग! तो फरक आधी सरकारी अनुदानाने आणि एप्रिल २०२४ पासून नियमानेच संपवण्यात आला. थेट बँकेतून भरणाऱ्यांच्या बिलात थोडी वाढ करून प्रीपेमेंटवाल्यांचा जादा आकार काढला गेला. एका ओळीच्या नियमाने लाखो गरीब घरांचा फायदा झाला. नियमन म्हणजे केवळ लाल फीत असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

गरीब कोण, हे व्याख्या ठरवते

उत्पन्नाच्या मानाने घर तापवणे परवडत नाही या स्थितीला तिथे इंधन-दारिद्र्य म्हणतात. पूर्वी सोपे माप होते: उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च इंधनावर करावा लागत असेल तर ते घर इंधन-गरीब. इंग्लंडने हे माप बदलले. २०२१ पासूनच्या व्याख्येत दोन अटी आहेत. घर आणि इंधनाचा खर्च जाऊन उरणारे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली हवे आणि घराची ऊर्जाक्षमता 'ड' किंवा त्याखालच्या श्रेणीत हवी.

परिणाम काय झाला? घर 'क' श्रेणीचे असेल तर बिल कितीही वाढो आणि घरात कितीही हाल असोत, ते कुटुंब सरकारी हिशेबात इंधन-गरीब नाही. या व्याख्येने २०२४ मध्ये इंग्लंडमधील ११ टक्के, म्हणजे सुमारे २७ लाख घरे इंधन-गरीब ठरली. जुन्या दहा टक्क्यांच्या मापाने, घराचा खर्च जाऊन उरलेल्या उत्पन्नावर मोजले, तर हेच प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. स्कॉटलंड आणि वेल्स अजून दहा टक्क्यांच्या धर्तीवर मोजतात. जनगणनेत आणि दाखल्यांत व्याख्येने किती माणसे आत येतात आणि किती बाहेर पडतात हे आपल्या चळवळीने अनेकदा अनुभवले आहे.

मदतीचेही तसेच. निवृत्तांना हिवाळ्यात २०० ते ३०० पौंड मिळत. २०२४ मध्ये सरकारने ती मदत फक्त ठरावीक गरीब-भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली आणि सुमारे एक कोटी वृद्ध तिच्याबाहेर गेले. श्रीमंतांना कशाला द्यायची, हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो. पण त्या भत्त्याला पात्र असूनही अर्ज न केलेले लाखो वृद्ध होते. अर्ज किचकट, माहिती अपुरी आणि काहींना हात पसरण्याची लाज. ते सारे मदतीला मुकले. टीका वाढल्यावर जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली आणि वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मदत पुन्हा सुरू केली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मुदत संपलेले पोर्टल हे सारे पाहिलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

या विषयाचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी आरंभीच जे प्रश्न मांडले त्यांतला एक असा होता: वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, आणि खासगी असेल तर लोकांच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात? विजेचा प्रश्न त्यांनी अभियंत्यांपुरता ठेवला नाही. स्वस्त आणि मुबलक वीज, तिच्यातून उद्योग आणि उद्योगांतून दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका, असा तो विचार होता. त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या इंग्रजी खंडांपैकी दहाव्या खंडात हे सारे वाचायला मिळते.

ब्रिटनने १९९० च्या दशकात "खासगी" हे उत्तर निवडले आणि "अटी कोणत्या" हा प्रश्न मागे ठेवला. २०१९ ची दरमर्यादा, २०२३ चे मीटरचे नियम आणि २०२४ चा समान आकार ही त्या प्रश्नाची उशिरा दिलेली उत्तरे आहेत.

आता आपले बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. तिथल्या बिलाचेच हे मराठी भाऊबंद. दर ठरवते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेणे आयोगावर बंधनकारक आहे. त्या सुनावण्यांना उद्योगांचे वकील न चुकता जातात. वस्त्यांतून किती जण जातात? २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरना राज्यभर विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांना ते बसवणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. विरोध योग्यच होता. पण पुढे असा विषय येईल तेव्हा "नको" म्हणण्याबरोबर आपल्याकडे अटींची यादीही हवी: पैसे संपल्यावर किती दिवस वीज चालू राहील, आजारी माणसाच्या घरी काय होईल, बंद काळातला स्थिर आकार कोण भरेल. ब्रिटनमधल्या गरिबांनी ही यादी थंडीत कुडकुडत तयार केली आहे. ती आपल्याला आयती मिळते.

ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

शेवटी काही कामाच्या गोष्टी.

१. खोली घेण्याआधी घराचा ऊर्जा दाखला मागा. तिथे त्याला ईपीसी म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये काही अपवाद सोडता 'ई' पेक्षा खालच्या श्रेणीचे घर भाड्याने देता येत नाही. 'क' श्रेणीचे घर महिन्याला थोडे महाग असले तरी हिवाळ्यात स्वस्त पडू शकते.

२. "बिलासह भाडे" असे लिहिले असेल तर वापराची मर्यादा किती आणि त्यापुढे काय दर, हे करारात वाचा.

३. घरात शिराल त्या दिवशी दोन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. सोडतानाही तेच करा.

४. प्रीपेमेंट मीटर असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला आपले नाव कळवून नवी चावी किंवा कार्ड घ्या. नाहीतर आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या पैशांतून कापली जाऊ शकते.

५. बिल तुमच्या नावावर असेल तर कंपनी बदलण्याचा हक्क तुमचा आहे. घरमालक तुम्हाला वीज-गॅस विकत असेल तर त्याने स्वतः मोजलेल्या दरापेक्षा जास्त युनिटदर लावणे नियमाविरुद्ध आहे.

६. भिंतीला ओल किंवा बुरशी दिसली तर तोंडी सांगून थांबू नका. फोटोसह लेखी कळवा. विद्यार्थी संघ आणि सिटिझन्स अॅडव्हाइस विनामूल्य सल्ला देतात.

७. बिल थकले तर लपू नका. कंपनीने तुमच्या ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून द्यावेत असा नियम आहे. तो हक्क म्हणून मागा.

आणि फोनवर "भीती वाटते" असे मूल म्हणाले, तर पालकांनी त्याला आधी मीटरचा आकडा आणि दर विचारावा. सोबत बसून एका आठवड्याचा हिशेब करावा. हीटर किती तास लावता येतो हे त्यातून कळते, आणि बहुतेक वेळा ते तास मुलाने भीतीपोटी धरले होते त्यापेक्षा जास्त निघतात.